मदत हवी आहे: गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा कोरडा आणि अंधुक. पापणीत वजन बसवू की थांबू?

नमस्कार मंडळी,

बारा आठवड्यांपूर्वी माझी मेंदूजवळची गाठ काढली. अकौस्टिक न्यूरोमा, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची गाठ, डाव्या बाजूला, २.८ सेंटीमीटर. कर्करोगाची नव्हती. डाव्या कानाने ऐकू येणार नाही हे आधीच सांगितलं होतं आणि त्याची मी मनाची तयारी केली होती. गाठीला खेटूनच चेहऱ्याची नस जाते, त्यामुळे ‘चेहऱ्यावर परिणाम होऊ शकतो’ हेही सांगितलं होतं. मी त्याचा अर्थ ‘तोंड थोडं वाकडं होईल’ एवढाच घेतला. डोळ्याबद्दल कुणी काही बोललं असेल तर ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

आता त्रास सगळा डोळ्याचाच आहे. डावी पापणी मिटत नाही. जोर लावला तरी खाली चार-पाच मिलिमीटरची फट राहते, आणि घरचे सांगतात की झोपेत त्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. हाउस-ब्रॅकमन मोजपट्टीवर माझा चेहरा ५ वर आहे (१ म्हणजे सगळं व्यवस्थित, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही).

मी मुद्रितशोधनाचं काम करते. वाचायला बसलं की पहिली पाच-दहा मिनिटं बरी जातात. मग ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसायला लागतात, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि अनुस्वार तर कागदावरून उडूनच जातात. थेंब घातला की दोन मिनिटं अक्षर लख्ख, मग पुन्हा काचेवर तेलकट हात फिरवल्यासारखं. डावा डोळा झाकून एका डोळ्याने वाचून पाहिलं. अर्ध्या तासात डोकं जड होतं.

रात्री मलम भरून पट्टी लावते. पहाटेपर्यंत पट्टी सुटलेली असते. मलमामुळे सकाळचे दोन तास सगळं धुक्यात. दिवसा बाहेर वारा लागला की त्याच डोळ्यातून पाणी गालावर ओघळतं, तरी डॉक्टर म्हणतात डोळा कोरडा आहे. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही. दुखत मात्र काही नाही. अंघोळीच्या वेळी साबणाचं पाणी आत गेलं तरी झोंबत नाही, तेवढीच एक गोष्ट बरी.

आणखी एक. चालताना लांबच्या पाट्या हलतात. थांबले की स्थिर होतात. हे डोळ्याचंच आहे का?

खरी अडचण निर्णयाची आहे. शस्त्रक्रिया करणारे सर्जन म्हणतात, नस अखंड आहे, सहा महिने ते वर्षभर वाट बघा, हालचाल परत येऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणतात, वरच्या पापणीत छोटंसं वजन बसवून घ्या, म्हणजे त्याच्या ओढीने ती मिटेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. आधीच एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, पुन्हा चेहऱ्याला सुरी लावायची या विचाराने पोटात गोळा येतो. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया लिहा. काम सोडायचं नाहीये मला.

---

प्रतिसाद

ताई, मी याच वाटेवरून गेलोय, उजव्या बाजूने. सहा वर्षं झाली.

मी वजन चौथ्या महिन्यात बसवलं. सोन्याचं, १.२ ग्रॅम. नस परत आल्यावर, दोन वर्षांनी, काढून टाकलं. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो: ‘वजन की वाट बघणं’ अशी निवड नाहीये. वजन बसवूनही वाट बघता येते. ते नसेला हात लावत नाही, तिच्या परतण्याच्या आड येत नाही. माझ्या सर्जननी मला हे एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

कसं करतात ते लिहितो, म्हणजे भीती कमी होईल. आधी तुम्हाला खुर्चीत बसवून वेगवेगळी वजनं पापणीला बाहेरून चिकटवून बघतात. कुठल्या वजनाला डोळा मिटतो आणि तरी उघडायला जड होत नाही, ते तुम्ही स्वतःच सांगता. मग पापणीपुरती भूल देऊन, पापणीच्या घडीत छेद घेऊन ते आत बसवतात. मी त्याच दिवशी घरी आलो. आठवडाभर सूज होती. पुढे दर वर्षी एमआरआय झाला, त्यात काही अडलं नाही, कारण सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही. तरी तिथल्या तंत्रज्ञाला दर वेळी आधी सांगायचं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. पापणी खाली येते ती वजनाच्या ओढीने, म्हणजे बसल्या-उभ्या. आडवं झालं की ती ओढ राहत नाही. त्यामुळे रात्रीचं मलम सुटत नाही.

पट्टीबद्दल: आधी मलम, मग स्वच्छ बोटाने वरची पापणी हलकेच खाली आणून पूर्ण मिटायची, आणि मगच चिकटपट्टी. कातडीवर मलमाचा तेलकटपणा राहिला तर पट्टी सुटणारच, म्हणून पापणी आणि गाल आधी कोरडे पुसून घ्या. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वरून पट्टी कधीच लावू नका. झोपेत ती घडी बुबुळावर घासते आणि तुम्हाला कळतही नाही. मला शेवटी पट्टीपेक्षा पोहण्याच्या चष्म्यासारखा बंद चष्मा बरा पडला. आतली हवा ओलसर राहते, सकाळी त्याच्या काचेवर बाष्प दिसायचं.

---

प्रतिसाद

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, डॉक्टर नाही, हे आधीच स्पष्ट करते. बाकीचं नंतर लिहीन म्हटलं होतं, पण तुमचं साबणाचं वाक्य वाचून राहवलं नाही.

ताई, साबण झोंबत नाही ही बरी गोष्ट नाही. साबण झोंबायलाच हवा.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, जाणीव मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेतून येते. पापणी मिटवणारी सातवी, म्हणजे तुमची ती चेहऱ्याची नस. गाठ मोठी असेल तर दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. सातवी गेली की डोळा उघडा राहतो, पण जाणीव शाबूत असेल तर तो खुपतो, लाल होतो, आपण थेंब घालतो, डॉक्टरांकडे धावतो. पाचवीही मंदावली की ही आरोळीच बंद होते. शिवाय कॉर्नियावरची झीज भरून येण्यासाठीही ती नस लागते. ओरखडा पडतो, दुखत नाही, भरतही नाही, आणि त्यातून जखम खोल जाऊ शकते.

असं झालंच आहे असं मी म्हणत नाही. पण पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, उद्याच जा. जाऊन नेमके हेच शब्द सांगा, ‘साबण झोंबत नाही’. डॉक्टर कापसाची बारीक वात बुबुळाला टेकवून जाणीव बघतील. कृपा करून हे घरी करून बघू नका. आणि रोज सकाळी उजेडात आरसा घेऊन डोळा बघायची सवय लावा, किंवा घरच्या कुणाला बघायला सांगा. लाली वाढली, पांढुरका ठिपका दिसला, चिपडं वाढली किंवा दिसणं एकाएकी कमी झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखण्याची वाट बघायची नाही, कारण तुम्हाला ते कदाचित दुखणारच नाही.

आता तुमचे प्रश्न. पाणी गळूनही डोळा कोरडा का? खालची पापणीही सैल पडते आणि बाहेर लोंबते, त्यामुळे असलेलं पाणी डोळ्यावर पसरण्याआधीच गालावर उतरतं. पसरवण्याचं काम उघडझापीचं, तीच बंद आहे. त्यातच अश्रुग्रंथीकडे जाणारे तंतूही चेहऱ्याच्या नसेबरोबरच निघतात, म्हणजे तयार होणारं पाणीही कमी झालेलं असू शकतं.

थेंबाने दोन मिनिटं स्वच्छ दिसतं, हे निदानाला फार उपयोगाचं आहे. प्रकाश डोळ्यात शिरताना सगळ्यात आधी अश्रूंच्या पातळ थरातून जातो. तो थर फाटला की नंबर बरोबर असूनही अक्षर फुटतं. तुमचा अंधुकपणा थेंबाने जातो, म्हणजे तो बराचसा पृष्ठभागाचा आहे. कायम एकसारखा अंधुकपणा किंवा एकाची दोन अक्षरं दिसणं ही गोष्ट वेगळी, त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात. दोन दिसत असतील तर एक डोळा झाकून बघा आणि ते कुठल्या डोळ्याने जातं ते डॉक्टरांना सांगा.

चालताना पाट्या हलतात ते तोलाच्या नसेचं. डोकं हललं की नजर स्थिर ठेवणारी यंत्रणा एका बाजूने बंद पडली आहे. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट नजर स्थिर ठेवून डोकं हलवण्याचे व्यायाम शिकवतात.

थेंबांच्या बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. हे टिकाऊपणासाठी घालतात, पण दिवसात दहा-बारा वेळा थेंब घालणाऱ्याच्या कॉर्नियाला ते स्वतःच त्रास देतं. डॉक्टरांना प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागा. आणि या धाग्यावर कुणी घरगुती काही डोळ्यात घालायला सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

---

प्रतिसाद

माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिला स्क्लेरल लेन्सचा फार फायदा झाला. ही मोठी लेन्स कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि आत पाण्याचा साठा राहतो. ती लावून ती दिवसभर पडद्यासमोर काम करते. पण जाणीव कमी असलेल्या डोळ्यात लेन्स घालायची तर फार बारीक देखरेख लागते, आधी वरच्या ताईंनी सांगितलेली तपासणी होऊ द्या. वाचताना पुस्तक डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवा. नजर खाली गेली की वरची पापणीही खाली येते आणि उघडा भाग कमी होतो.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. साबणाचं वाचलं आणि हात गार पडले. उद्या सकाळीच जाते.

---

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

उशिराबद्दल क्षमस्व. झालं ते सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

डॉक्टरांना शब्दशः तेच सांगितलं. त्यांनी कापसाची वात पिळून आणली. बाजूने ती डोळ्याकडे येताना मला दिसली, पांढरी, केसाएवढी. मी आता टेकेल, आता टेकेल म्हणून वाट बघत होते आणि त्या म्हणाल्या, ‘टेकवलीये.’ मला काहीच कळलं नव्हतं. उजव्या डोळ्याला टेकताक्षणी मी मागे सरकले.

मग केशरी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळाच्या खालच्या भागात, बरोबर त्या फटीच्या जागी, आडवा हिरवा पट्टा, म्हणजे तिथला पृष्ठभाग कोरडा पडून झिजलेला. त्याच्या टोकाला एक ओरखडा. कधी पडला, कशाने पडला, देवाला माहीत. अश्रू मोजायची कागदाची पट्टी पाच मिनिटं लावली. उजवीकडे १७ मिलिमीटर भिजली, डावीकडे ३.

सर्जनना फोन केला. जाणीव गेलीये हे कळल्यावर तेही लगेच म्हणाले की आता थांबायचं नाही. त्यांनी ‘वाट बघा’ म्हटलं होतं ते चेहऱ्याच्या हालचालीबद्दल, मी ते डोळ्यालाही लावून बसले होते. दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं मला आधी सुचायला हवं होतं.

ओरखड्यासाठी अँटिबायोटिक थेंब आणि दर तासाला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब सुरू झाले. चौथ्या दिवशी वजन बसवलं, १ ग्रॅम, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात दोन्ही पापण्या थोड्या टाक्याने जोडल्या. भूल देताना टोचलं तेवढंच. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड होतं आणि कुणीतरी माझा हात धरून होतं. घाबरले होते त्याच्या पावपटही त्रास झाला नाही. डोळा आता थोडा लहान दिसतो. पहिले दोन दिवस आरशात बघवत नव्हतं. आता बघते, रोज सकाळी, लाली तपासायला.

माझ्याच रक्तातून केलेले सीरमचे थेंबही चालू आहेत. चालू बाटली फ्रीजमध्ये, उरलेल्या गोठवून. परवाच्या तपासणीत ओरखडा भरलेला होता. हिरवा पट्टा अजून आहे, पण अर्धा झालाय. जाणीव परत येईल की नाही ते आत्ता कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे देखरेख चालूच राहणार.

काम: तासाला गजर, थेंब, डोळे मिटून पाच मिनिटं, मग वाचन. पानं मोठ्या टंकात छापून टेबलावर सपाट ठेवते, उभ्या पडद्यावर वाचणं बंद केलं. काल सलग चाळीस मिनिटं वाचलं आणि अनुस्वार जागेवर होते.

आता एक विचारायचंय. नजर स्थिर ठेवण्याचे व्यायाम सुरू केलेत. डोकं डावीकडे वळवलं की अक्षर अजून हलतं आणि मळमळतं, उजवीकडे तेवढं नाही. ज्यांनी हे व्यायाम केलेत त्यांना पहिल्या आठवड्यांत असंच व्हायचं का? आणि सीरमच्या थेंबांसह प्रवास कुणी केला आहे का? दोन दिवस बाहेरगावी जायचंय, बाटली थंड कशी ठेवलीत ते सांगा.