गंभीर आजाराचा रायडर: क्लेम आत्ता करायचा की उपचार झाल्यावर?

निशिगंधा_: नवऱ्याचा बायोप्सी रिपोर्ट आला, आतड्याचा कॅन्सर. केमो लगेच सुरू होईल. टर्म पॉलिसीला गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे जोडून घेतलेलं जादा संरक्षण, आहे. एजंट म्हणतो, "आधी बिलं जमू द्या." हप्ताही तोंडावर आलाय, भरायचा का? आणि रायडरचे पैसे घेतले तर मूळ विमा जातो का? डोकं चालत नाहीये, सोपं करून सांगा.

जुना_क्लेमवाला: ताई, बिलांसाठी थांबू नका, ते मेडिक्लेमचं गणित. इथे निदानावर ठरलेली रक्कम एकरकमी मिळते. ती औषधांवर खर्च करा नाहीतर घराच्या कर्जावर, कोणी विचारत नाही.

मी वर्षानुवर्षं या फायली तपासल्यात. आम्ही आधी हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याच्या तपासणीचा, कागद काढायचो. 'इन सिटू' (उगमाच्या थरातच असलेला) असेल तर बहुतेक पॉलिसी त्याला कॅन्सर धरत नाहीत, 'इन्व्हेसिव्ह' (आजूबाजूच्या पेशींत घुसलेला) असेल तर धरतात. मग तारखा. पॉलिसीचे सुरुवातीचे बहुधा 90 दिवस वगळलेले असतात. निदानानंतरही ठरावीक दिवस, बऱ्याचदा 14 किंवा 30, रुग्ण हयात असावा लागतो. कंपनीला लेखी कळवायला मात्र त्यासाठी थांबू नका.

आणि केसपेपर आजच वाचा. 'बरेच दिवस पोट दुखतंय' एवढं ऐकून घाईतला डॉक्टर '2 वर्षांपासून' लिहून मोकळा होतो. पुढे तीच ओळ 'आजार लपवला' म्हणून तुमच्या अंगावर येते.

हप्ता भराच. निर्णय येईपर्यंत पॉलिसी लॅप्स होता कामा नये.

रानवारा: रायडर 'ॲक्सिलरेटेड' असेल तर मिळालेली रक्कम मूळ विम्यातून वजा होते. 'ॲडिशनल' असेल तर मूळ विमा शाबूत. हप्तामाफीचा रायडर आहे का तेही बघा, लोक विसरतात. (अवांतर: गंभीर आजाराचा विमा 1983 साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला, मारियस बर्नार्ड या हृदयशल्यविशारदाच्या कल्पनेतून. त्यांचे पेशंट ऑपरेशनातून वाचायचे आणि पैशाने खचायचे.)

निशिगंधा_: हप्ता भरला. रिपोर्टमध्ये 'इन्व्हेसिव्ह' आहे. या शब्दाने हायसं वाटावं, काय वेळ आलीय! रायडर ॲक्सिलरेटेड निघाला. आणि दादा, केसपेपरवर खरंच '1 वर्षापासून' लिहिलंय. त्रास या उन्हाळ्यातला आहे, आधीचं काहीच नाही. मी खोडून नीट लिहू का?

जुना_क्लेमवाला: अजिबात हात लावू नका! डॉक्टरांना पहिल्या तपासणीचे कागद दाखवा आणि दुरुस्तीचं पत्र वेगळ्या लेटरहेडवर घ्या, तारीख, सही, शिक्क्यासह. मूळ केसपेपर आहे तसाच फाइलला लावा.