रात्री दवाखाना गाठताना : तुमचे अनुभव लिहा

पाणंदवाट
काल बातम्यांत पुन्हा तेच. भरलेला ओढा, बांबूला बांधलेली झोळी आणि झोळीत बाळंतपणाला निघालेली बाई. दर पावसाळ्यात फक्त तालुक्याचं नाव बदलतं. बायको म्हणाली, बंद कर ते. बंद केलं, पण डोक्यात आत्या आली ती जाईना.

आमचं गाव डोंगरातलं नाही. डांबरी रस्ता, वीज, तालुका जवळ. तरी आत्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी एकच, गाडी कुणाची? ज्याची जीप होती त्याच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. वडील त्याच्या दारात गेले आणि तो बनियनवरच चावी घेऊन आला, हे त्याच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला, पण फिजिशियनची जागा रिकामी. चिठ्ठी दिली, पुढे न्या. जिल्ह्याला पोचलो तर तिथून आणखी पुढे. आत्या वाटेतच गेली. १०८ रुग्णवाहिका तेव्हा नव्हती, ती २०१४ ला आली.

शहरातला माझा एक मित्र याच दुखण्यातून उठला, आता रोज सकाळी टेकडी चढतो. तो रिक्षाने दवाखान्यात गेला होता.

सरकारला शिव्या घालायला इतर धागे आहेत. इथे दवाखाना गाठताना काय काय झालं ते लिहा. चांगलं झालं असेल तर तेही लिहा.

गोदाकाठ
वाईट वाटलं वाचून. आमच्याकडं हेच, फक्त जीपच्या जागी ट्रॅक्टर. आजीचा खुबा मोडलेला, ट्रॉलीत गादी टाकून नेली. रस्त्याचं काम तेव्हाही चालू होतं आणि आजही चालूच आहे. बाकी काही विचारू नका.

वऱ्हाडी_ठेचा
ईसीजीची मशीन तरी होती राजेहो. आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर कुठी हायेत विचारलं का शिपाई म्हनते, मीटिंगले गेले. माह्या बापानं एकदा विचारलं, मीटिंग सरते कवा? त म्हने, दुसरी लागाच्या पयले.

बंधपत्रित
वरच्या विनोदातला डॉक्टर मीच समजा :)

एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेच्या बंधपत्राचं वर्ष आदिवासी तालुक्यात काढतोय. निकषाप्रमाणे सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक पीएचसी, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे. उपकेंद्र ५,००० आणि ३,००० मागे. पण माणसं वाढली तरी मोजायला हाताशी २०११ ची जनगणना. आमच्याकडे डॉक्टरांच्या जागा दोन, त्यातली एक कागदावर. मीटिंगा खरंच असतात, आणि मी तिकडे गेलो की ओपीडी सिस्टरांच्या गळ्यात.

रेफर का करतो तेही सांगतो, राग आला तरी चालेल. सिझर करायचं तर सर्जन हवा, भूल देणारा हवा, रक्त हवं. इथून रक्तपेढी जिल्ह्याला. मध्यरात्री बाईला रक्तस्राव सुरू झाला आणि मी "बघू थोडा वेळ" म्हणत बसलो तर ती हातची जाते. म्हणून चिठ्ठी लिहितो. मग नातेवाईक म्हणतात, हा डॉक्टर कसला, पोस्टमन आहे. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी तसंच वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा
डॉक्टरसाहेब, माफी असू द्या. तुमची मीटिंग माफ.

फुरसं
(आयडीवर हसू नका, कोकणात राहून बघा.)

विंचवाबद्दल आधी चांगलं लिहितो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. रक्तदाबाची साधी गोळी हो. आजोबांच्या काळात विंचू चावलेला जवान माणूस रात्रीत जायचा, आता सहसा जात नाही. तालुक्याच्या गावात राहून केलेलं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता सापाचं. चुलतभावाला मण्यार चावली. जमिनीवर झोपलेला, चावल्याचं कळलंसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, काकीने ओवा दिला. थोड्या वेळाने पापण्या उचलेनात. पहिल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस कपाटात होती, दिली नाही. रिॲक्शन आली तर इथे कोण बघणार म्हणे. दुसरीकडे दिली, व्हेंटिलेटरवर राहिला, वाचला. आता रिक्षा चालवतो आणि मरो ते उकाडे, खाटेवरच झोपतो, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

बंधपत्रित
@फुरसं, लस देताना हात कापतात हे खरं आहे. इंटर्नशिपला फार कमी जणांनी दिलेली असते. पण ॲड्रेनलिन (रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन) भरून शेजारी ठेवायचं आणि सुरू करायचं. लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं.

आणि घोणस-फुरशाचा संशय असेल तर मोठी लॅब लागत नाही. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, म्हणजे गोठलं नाही, तर विष भिनलंय. प्लास्टिकची नळी चालत नाही. आणि रक्त गोठलं म्हणून मण्यार किंवा नाग नाही असं होत नाही, त्यांचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथे पापण्या आणि श्वास बघायचा. घरच्यांनी फक्त एवढंच करा: आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, हातपाय हलू न देता आणा. साप पकडून आणू नका. खरंच आणतात. एकाने बरणीतून आणला होता, जिवंत.

ओसरी
बरणीचं वाचून मोठ्याने हसले, सासूबाई बघतायत.

फडावरची
भांडी राहिलीत पण लिहितेच.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कारखाना, परत यायला उन्हाळा. गावच्या आशाताईंच्या यादीत आमचं नाव, पण आम्ही फडात. फडाजवळच्या ताईंच्या यादीत आमचं नावच नाही. धाकट्याच्या लसी अशाच राहिल्या. एक खाडा पडला की आगाऊ घेतलेल्या उचलीतून पैसे कटणार, मग अंगावरून जातंय एवढ्यासाठी मुकादमाला सांगून दवाखान्यात कोण जाईल? मामीची पिशवी तिशीच्या आत काढली. "ठेवली तर कॅन्सर होईल." २०१९ ला बीडच्या बायकांच्या बातम्या आल्या, समिती बसली, तेव्हा मामी म्हणाली, मला वाटलं माझ्याच नशिबात होतं गं. आधी कुठल्या तपासण्या केल्या होत्या हे तिला आजही माहीत नाही. कागद मागायचे असतात हे तिला कोण सांगणार? पिशवीबरोबर दुखणं गेलं म्हणावं तर तेही नाही, चाळिशीआधीच कंबर आणि गुडघे धरले.

मी आता नर्स आहे. पिशवी काढायची म्हणून बाई आली की सोनोग्राफीचा कागद आधी मागते. साहेबांना आवडत नाही. न आवडू दे.

गोदाकाठ
ताई कुठल्या? आम्ही गेवराईकडचे.

फडावरची
शेजारीच की, माजलगाव.

गोदाकाठ
मग बहिणीचं सासर तुमच्याकडं! मोंढ्याजवळ. संपर्कातून कळवतो.

लालपरी
वडिलांचं डायलिसिस चालू आहे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत, पोरंपोरी नीट बोलतात, तक्रार नाही. पण आमचा नंबर पहाटेचा आणि गावातून पहिली एसटी उजाडल्यावर. वडील पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून तिकीट माफ, आईला अर्धं. तिकीट माफ आणि गाडीच नाही! मग आदल्या संध्याकाळी जायचं, दवाखान्याच्या व्हरांड्यात पडायचं. आठवड्यातले निम्मे दिवस यात जातात, तेवढी माझी मजुरी बुडते. आपल्याकडे मोफत उपचार म्हणतात ते हे. वडील परवा म्हणाले, आता पुरे कर. उत्तर दिलं नाही मी.

ओसरी
दादा... काय लिहू. काकांना सांभाळा, स्वतःलाही. जेवत जा वेळेवर.

एसटीवेडा
@लालपरी, मुक्कामी गाडी बंद केली का तुमच्या आगाराने? आमच्याकडे ग्रामपंचायतीचा ठराव आणि डायलिसिसवाल्यांची यादी घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटलो, गाडीची वेळ लवकरची केली त्यांनी. करून बघा. ठरावाचा मजकूर हवा असेल तर देतो.

लालपरी
द्या ना. आमच्या रस्त्यावर आणखी तिघं आहेत तसे.

चहाटळ
घरी वापरायला बीपीचं मशीन कुठलं चांगलं?

पाणंदवाट
वेगळा धागा काढा हो.

वैनगंगा
चांगलंही लिहा म्हणालात म्हणून. आमचं गाव गडचिरोलीतलं, सर्च संस्थेच्या कामातलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं. आमच्या आरोग्यदूत काकू जेमतेम शिकलेल्या, पण बाळ जन्मलं की वजन करायच्या, गुंडाळायच्या, श्वास मोजायच्या. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला की सावध. माझा भाऊ काकूंच्या औषधावर घरातच जगला. त्या कामाचा लेख १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि पुढे आशाताईंना देशभर तेच शिकवायला लागले. पण काकू घरी आल्या तरी सिझरची बाई गावात थोडीच अडते? तिला जिल्ह्यालाच न्यावं लागतं. म्हणून माहेरघर. दिवस भरत आले की पीएचसीजवळ येऊन राहायचं. माझी वहिनी राहिली होती. दोन म्हशी कोण बघणार म्हणून आधी तयारच नव्हती. म्हशी मी बघितल्या, आणि एकीने मला लाथ मारली ते वेगळं.

ओसरी
एक विचारू का, फुले योजनेचं कार्ड आहे आमच्याकडे, पण योजनेतलं रुग्णालय इथून लांब. जवळच्या खाजगीत चालतं का?

फडावरची
नाही ताई, यादीतल्याच रुग्णालयात. तिथे आरोग्यमित्र बसतो, आजार योजनेत बसतो का ते भरती होतानाच त्याला विचारा, बिल आल्यावर नाही. आणि घरात कुणी गरोदर असेल तर १०२ ची गाडी लक्षात ठेवा, न्यायला येते आणि बाळंतीण-बाळाला घरी सोडायलाही. सोडायला येते हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, भाड्याची गाडी करतात.

फुरसं
डॉक्टर, ते काचेच्या नळीचं गावच्या ग्रुपवर टाकू का?

बंधपत्रित
टाका की. नाव नका टाकू फक्त, बदल्यांची यादी निघायची आहे.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे साहेब पुन्हा मीटिंगले.