मदत हवी आहे: बाबा अजून १९८२ च्या गिरणी संपातच आहेत

बाबा ६८ वर्षांचे, लालबागला मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज भरलाय, आता पात्रतेसाठी कागद द्यायचेत. मिलमधल्या तिकीट नंबरचं (कामगार नंबरचं) कार्ड, पगाराच्या पावत्या सगळं ट्रंकेत आहे पण सही करायला तयार नाहीत. म्हणतात युनियनचा आदेश आल्याशिवाय सही नाही. अहो, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत जाऊन जमाना झाला, १९९७ ला गेले, आदेश देणार कोण? अजून पहाटे पाचला उठून डबा भरायला लावतात, सातच्या पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभे राहतात, तिथे आता टॉवर आहे, वॉचमन ओळखतो म्हणून चहा देतो.

स्मृतिभ्रंश नाहीये, डॉक्टरांना दाखवलं, हिशोब पै-पैचा लक्षात असतो. त्यांच्या बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी काम करणाऱ्या) मित्राला बोलावलं तर दोघंही मिलच्या भोंग्याच्या गप्पांतच रंगले, संध्याकाळ गेली. मी चिडून बोललो तर दोन दिवस जेवले नाहीत, बीपी आहे त्यामुळे जबरदस्ती नको, आणि खोटी सही मी करणार नाही. प्लीज ते सल्ले नकोत.

कोणाच्या घरी असं झालंय का, आणि तेव्हा नेमकं कोणी, काय बोलल्यावर सही झाली?