मदत हवी आहे: उंची कमी, रस्ता घाटाचा – पहिली मोटारसायकल किती हलकी घ्यावी?

नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका असून जुन्नरहून आपटाळे ओलांडून नाणेघाटाच्या दिशेने रोज एका बाजूने साधारण २२ किलोमीटर प्रवास करते. गेली आठ वर्षे हा प्रवास स्कूटरवर झाला. एरवी तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु आमच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस लागला की खड्डे पाण्याने भरून त्यांची खोली कळेनाशी होते आणि स्कूटरचे मागचे दहा इंची चाक अशा खड्ड्यात पुरते उतरते. म्हणून मोठ्या चाकांची, गिअरची मोटारसायकल घेण्याचे ठरवले आहे. माझ्याकडे विनागिअर गाडीचा परवाना होता. आता गिअरच्या गाडीसाठी शिकाऊ परवाना काढला आहे. त्याची मुदत सहा महिन्यांची असल्यामुळे त्याआधी गाडी ठरवावी आणि पक्क्या परवान्याची चाचणी त्याच गाडीवर द्यावी, असा विचार आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन ४८ किलो आहे. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, मी ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी मला ॲव्हरेज आणि पुनर्विक्रीची किंमत सांगितली. गाडी मला पेलेल का, याविषयी कोणीच बोलले नाही. माझ्यासाठी मात्र तोच मुख्य प्रश्न आहे.

गेल्या महिन्यात मी दिरांच्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलवर सराव करत होते आणि शिकवण्यासाठी ते मागे बसले होते. एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली, म्हणून मी गाडी डावीकडे घेतली आणि थांबवून डावा पाय खाली सोडला. पावसाने साइडपट्टी खचली होती; डांबराच्या कडेपासून जमीन वीतभर खाली गेली होती. पायाला जमीन लागेपर्यंत गाडी इतकी कलली की हँडल दोन्ही हातांनी ओढूनही ती मला सावरता आली नाही. गाडी आडवी झाली, क्लचची दांडी वाकली आणि माझ्या गुडघ्याला खरचटले. दुखापत किरकोळ होती. परंतु मी एकटी असते तर ती गाडी उचलू शकले नसते, हे त्या दिवशी स्पष्ट कळले.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडीचे वजन आणि सीटची उंची आधी पाहते. होंडा शाइन १०० चे वजन ९९ किलो आणि सीटची उंची ७८६ मिलिमीटर आहे. हिरो स्प्लेंडर प्लसचे वजन ११२ किलो, उंची ७८५ मिलिमीटर आणि चाके अठरा इंची आहेत. टीव्हीएस रायडर १२५ ची सीट ७८० मिलिमीटरवर आहे, पण वजन १२३ किलो आहे. आता माझ्या शंका अशा: ९९ आणि ११२ किलोंमधला फरक प्रत्यक्ष हाताला जाणवतो का? फार हलकी गाडी पठारावरच्या वाऱ्यात अस्थिर होते, असे म्हणतात ते कितपत खरे आहे? आणि वह्यांची पिशवी घेऊन चढ चढायला १०० सीसी पुरेल का? अनुभवी मंडळींनी, विशेषतः माझ्याइतक्या उंचीच्या भगिनींनी, कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही प्रश्न अगदी योग्य जागी नेला आहे. मी १५ वर्षे गॅरेज चालवतो आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या गाड्या बहुतेक वेळा चालताना नव्हे, तर उभ्या असताना पडलेल्या पाहतो. १३ किलोंचा फरक गाडी चालू असताना जाणवत नाही. ती पार्किंगमध्ये मागे ओढताना आणि डबल स्टँडवर चढवताना नक्की जाणवतो. सीटच्या उंचीचा आकडा मात्र अपुरा असतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि कमी उंचीच्या गाडीवरही पाय टेकत नाहीत. म्हणून शोरूममध्ये पावसाळी बूट घालून जा, गाडी स्टँडवरून काढायला लावा आणि दोन्ही चवडे एकदम टेकतात का ते पाहा. थोडे कमी पडत असेल तर सीट शिवणाऱ्याकडून फोम अर्धा-पाऊण इंच कापून घेता येतो. जड लेगगार्ड आणि मागचे कॅरिअर सुरुवातीला लावू नका.

तुमच्या बाबतीत जे घडले त्याला वजनाइतकीच थांबण्याची पद्धत कारणीभूत होती. डावी साइडपट्टी खचलेली असेल तिथे डांबराच्या अगदी कडेला जाऊ नये. जावेच लागले तर पुढचा ब्रेक हाताने धरून उजवा पाय डांबरावर टेकावा. चढावर मात्र उलट करावे लागते: उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबून ठेवायचा, डावा पाय टेकायचा आणि हाफ क्लचवर, म्हणजे क्लचची दांडी अर्धी सोडून, इंजिनाने ओढ घेतली की मगच ब्रेक सोडायचा. या दोन्ही गोष्टी एखाद्या मोकळ्या उतारावर पन्नास वेळा करा.

वाऱ्याबद्दल बोलायचे तर हलकी गाडी थोडी ढकलली जाते हे खरे आहे; परंतु हँडल घट्ट आवळून न धरता वेग ४० च्या आत ठेवला तर ती सावरता येते. एकटीने उचलता न येणारी गाडी निर्मनुष्य रस्त्यावर पडली, तर त्यावर असा उपाय नाही. माझे मत ११५ किलोंच्या आतच राहावे असे आहे.

प्रतिसाद २

माझी उंची पाच फूट आहे आणि आंबेगावच्या डोंगराळ भागात मी १०० सीसीची गाडी चालवते. एकटी असताना चढाला काहीही अडचण येत नाही; दुसरा गिअर वेळेवर टाकावा लागतो, एवढेच. मागे कोणी बसले की मात्र इंजिन दमते. रोज कोणाला सोबत नेणार असाल तर १२५ सीसी पाहा. शाइन १२५ चे वजन ११३ किलोच आहे. उतरतानाही दुसऱ्याच गिअरमध्ये राहा, न्यूट्रल करून गाडी सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पावसाळी बूट घालून शोरूममध्ये गेले होते. शाइन १०० आणि स्प्लेंडर या दोन्हींवर माझे चवडे टेकले. स्प्लेंडर डबल स्टँडवर चढवायला मला तीन प्रयत्न लागले, शाइन पहिल्याच प्रयत्नात चढली. मला सोबत कोणाला न्यायचे नसल्यामुळे १०० सीसीच घेणार हे नक्की झाले आहे. आता एवढेच विचारायचे आहे की, स्प्लेंडरच्या अठरा इंची आणि शाइनच्या सतरा इंची चाकांमधला फरक खड्ड्यांच्या रस्त्यावर इतका मोठा आहे का, की त्यासाठी मी १३ किलो जास्त पेलायला शिकावे?