वॉर्डाच्या कामांत मुलांना सामील करायचंय, पण देखावा नको – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आमच्या वॉर्डाच्या नागरिक समितीत आहे. पुढच्या वर्षीच्या कामांची यादी करताना दहा ते सतरा वयाच्या मुलांचंही म्हणणं घ्यायचं असं ठरलंय, आणि 'तूच बघ' म्हणत सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलंय.

यापूर्वी एकदा 'मुलांची सभा' झाली होती. मोठ्यांनी लिहून दिलेली भाषणं मुलांनी पाठ म्हणून दाखवली, फोटो निघाले, संपलं. त्यातल्या एका मुलीने मात्र कागद बाजूला ठेवून सांगितलं की वाचनालयाकडून येताना वाटेवर दिवा आहे, पण झाडाच्या फांद्या आड येतात आणि उजेड पायवाटेवर पडतच नाही. टाळ्या वाजल्या. फांद्या आजही तशाच आहेत. आता तीच मुलं विचारतात, 'परत कशाला यायचं?'

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांची १९९२ सालची सहभागाची शिडी वाचली, म्हणजे मुलांना किती खरं सामील केलंय हे पायऱ्यापायऱ्यांनी दाखवणारी मांडणी. आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं विचारणं, यांना ते सहभाग म्हणतच नाहीत. आमची सभा कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

नेमकं अडलंय ते असं. 'तुमच्या स्वप्नातला वॉर्ड' असं चित्र काढायला सांगितलं की कारंजी आणि यंत्रमानव येतात. मग विचारायचं कसं? दरवेळी तीच चार बोलकी मुलं पुढे येतात. शाळेत न जाणाऱ्यांपर्यंत पोचायचं कसं? सोळा वर्षांची मुलं दहा वर्षांच्यांबरोबर बसायला तयार नाहीत (त्यांचंही बरोबरच आहे म्हणा). आणि थोडा निधी मुलांच्या हाती द्यावा का? समितीतले म्हणतात, सगळा खेळण्यांवर उडवतील.

प्रतिसाद १

मुलांच्या आधी मोठ्यांची बैठक घ्या. कोणत्या गोष्टी खरंच बदलता येतील आणि कोणत्या आधीच ठरून गेल्यात, ते कागदावर आणा. ठरून गेलेल्या गोष्टींवर मुलांचं मत विचारू नका, त्यांना ते लगेच कळतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं बारावं कलम मुलांना आपलं मत मांडण्याचा आणि ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क देतं. बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये त्याची चार अंगांत मांडणी केली आहे: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारा माणूस आणि त्या बोलण्याचा परिणाम. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनवरच सगळी मेहनत जाते. ज्याच्या सहीने काम होतं तो माणूस खोलीत हवा, आणि प्रत्येक मागणीला ठरलेल्या तारखेच्या आत लेखी उत्तर हवं. 'नाही' असेल तर का नाही, तेही मुलांना समजेल अशा भाषेत.

आणि हो, निमंत्रण पाठवण्याआधी त्या फांद्या छाटून घ्या.

प्रतिसाद २

चित्रं सोडा, चालायला न्या. पाच-सहा मुलांचा गट, हातात खडू आणि वॉर्डाचा मोठा नकाशा. जिथे थांबावंसं वाटतं तिथे एक खूण, जिथून पळत जावंसं वाटतं तिथे दुसरी. आम्ही केलं तेव्हा बागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं सगळं बागेपर्यंतच्या रस्त्याचं: गटाराचं झाकण हलतं, वळणावरच्या उभ्या गाड्यांमुळे लहान मुलाला पलीकडचं वाहनच दिसत नाही. आपण त्या गाड्यांच्या वरून बघतो, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही.

वयोगट वेगळेच ठेवा. मोठ्या मुलांना 'सहभागी' म्हणून बोलावू नका, काम द्या: माहिती गोळा करणं, हिशेब तपासणं, लहानांचे गट चालवणं.

प्रतिसाद ३

शाळेबाहेरच्या मुलांसाठी कर्नाटकातलं काम बघा. तिथे भीम संघ ही काम करणाऱ्या मुलांचीच संघटना उभी राहिली, आणि मुलांच्या निवडून आलेल्या पंचायतीही झाल्या. मुलांनी आपल्या सभेला यावं ही अपेक्षा उलटी करा, त्यांच्या जागी आणि त्यांच्या सवडीने तुम्ही जा.

निधीचं म्हणाल, तर बॉस्टन शहराने २०१४ मध्ये दहा लाख डॉलरचा वाटा १२ ते २५ वयाच्या तरुणांच्या मतदानावर सोडला. निवडून आलेल्या कामांत उद्यानांजवळचे पदपथ आणि शाळांसाठी लॅपटॉप होते. खेळण्यांची भीती घालणाऱ्यांना हे दाखवा.

प्रतिसाद ४

एक सावधगिरी. मुलं एकटी कुठून आणि कधी जातात हे दाखवणारा नकाशा कुठेही टाकू नका, समितीच्या समूहातसुद्धा नाही. पालकांची संमती घ्याच, पण मुलाला स्वतःला यायचंय का हेही वेगळं विचारा, आणि मधेच सोडायची मुभा ठेवा. फोटो नाही काढले तर काही बिघडत नाही. पाहुण्यांचं बिघडेल फार तर.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. लेखी उत्तराची अट समितीपुढे ठेवली. दोघांनी नाक मुरडलं, पण मंजूर झाली. निधीवर अजून घोळ चालू आहे; लहानशा रकमेवर सुरुवात करू असं वाटतंय.

आता नवाच पेच आहे. चर्चा कार्यालयीन वेळेत ठेवली तर मुलं शाळेत किंवा कामावर, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवली तर सही करणारे साहेब येत नाहीत, प्रतिनिधी पाठवतात. प्रतिनिधी 'साहेबांना कळवतो' इतकंच म्हणतो. यावर कुणी काही तोडगा काढलाय का?