मदत हवी आहे: 'गो'चा भूतकाळ 'वेंट' कसा?

घोडबंदरकर: उद्या सकाळी हवंय, लवकर सांगा. गो–वेंट–गॉन. मधलंच रूप निराळं का? 'अपवाद आहे, पाठ करा' हे उत्तर नको.

खाडीकाठ: सांगायचंय कुणाला? पाचवीला की एमएच्या पेपरात?

जुनी_पोथी: कुणालाही सांगा, मूळ एकच. वेंट हे गोचं रूपच नव्हे. 'वेंड' असं वेगळं क्रियापद होतं: वळणे, वाटेला लागणे. सेंड–सेंट, बेंड–बेंट, तसं वेंड–वेंट. जुन्या इंग्रजीत गो म्हणजे 'गान', त्याचा भूतकाळ 'एओदे'. तो झिजून 'येदे', 'योदे' झाला आणि पंधराव्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडात वेंटने त्याची जागा घेतली. उत्तरेकडे मात्र गोपासूनच नवं रूप घडलं, स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत ते 'गेड'.

नेरूळ_पश्चिम: 'ही हॅज गॉन टू वाशी' म्हणजे अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू वाशी' म्हणजे जाऊन आलाय. हा फरक आधी शिकवा.

घोडबंदरकर: तो प्रश्नच नाहीये. सातवी, मराठी माध्यम. एका मुलीने विचारलंय. आणि मग वेंडचं पुढे काय झालं?

जुनी_पोथी: 'वेंड वन्स वे' (wend one's way, म्हणजे आपली वाट धरणे) यात उरलाय. वेंट हातचं गेल्यावर त्याला 'वेंडेड' हा नवा भूतकाळ मिळाला.

खाडीकाठ: मराठी माध्यम हे आधी सांगायचं होतं! मग जातो–गेला घ्या. 'जा' संस्कृत 'या' धातूचा, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. होतो–झाला तसंच: एक 'भू'चा, दुसरा 'जात'वरून, म्हणून जुन्या मराठीत 'जाला'.

शिळफाटा: सातवीला धातू? संस्कृतच आठवीत येतं. तक्ता करा, रोज म्हणून घ्या. रूपं तोंडात बसली की झालं.

खाडीकाठ: तक्त्याने रूप बसेल, तिचा प्रश्न तसाच राहील. धातूंची नावं घेऊच नका. 'खातो–खाल्ला, येतो–आला, जातो–?' विचारा, 'गेला' मुलंच म्हणतील. मग फळ्यावर सेंड–सेंट, बेंड–बेंट, लेंड–लेंट, आणि खाली वेंड पुढे रिकामी जागा. ती त्यांनाच भरू दे.

जुनी_पोथी: हे बरोबर. पण लगेच 'आय हॅव वेंट' ऐकू येईल, तयारीत राहा. गॉन हे गोचं स्वतःचं रूप, वेंडशी त्याचा संबंध नाही. हॅव, हॅज, हॅडनंतर तेच.

घोडबंदरकर: मिळालं. फळ्याचं तसंच्या तसं घेतो.

नेरूळ_पश्चिम: मग ॲम, वॉज, बीन? तिथे तर तीन मुळं आहेत.

जुनी_पोथी: त्याला वेगळा धागा काढा.