मॅनेजर म्हणजे नुसती भाडेवसुली नव्हे

एकांनी लिहिलंय की शॉपिंग सेंटरचा मॅनेजर म्हणजे भाडं गोळा करणारा माणूस. मला अजिबात पटलं नाही. बेळगावात खडेबाजाराजवळच्या आमच्या कॉम्प्लेक्सचे मॅनेजर काका वॉचमन म्हणून लागले होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळघरात पाणी शिरलं, तेव्हा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून रात्रभर पंपापाशी उभे होते. सकाळी शहरातल्याच वडगाव भागातल्या विणकरांच्या घरात पाणी भरल्याचं कळलं, तर वरचा रिकामा गाळा त्यांना उघडून दिला. मालकाला फोन नंतर केला! गाळेवाल्यांशी मराठी, कन्नड, उर्दू, ज्याला जी येईल ती बोलतात. पार्किंगचं निम्मं भांडण तिथेच मिटतं. आणि १९०५ पासून सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या आपल्या गावात, शेजारच्या मंडळाला दरवर्षी वीज तेच देतात, सबमीटर (मंडळाचा वापर वेगळा मोजणारा मीटर) लावून, हिशेब चोख ठेवून.